शेवटचे दोन यार्ड

प्रिय मिलो,

शुक्रवारचा तुमच्या शाळेचा फुटबॉलचा सामना रेडिओवर ऐकला. नेब्रास्कातला नोव्हेंबरचा वारा, आणि तू कोच असलेला संघ अडतीस वेळा चेंडू हाताने फेकतो! हा वाऱ्याला खेळायला शिकवतोय का, असं तुझी आई विचारत होती.

हसू नकोस, ऐक. फेकलेला चेंडू कोणी न पकडता खाली पडला की घड्याळ थांबतं. हातात धरून पळालं की ते चालू राहतं, आणि समोरच्यांचा नावाजलेला फेकणारा बाकावर ब्लँकेट पांघरून बसून राहतो. चार-चार यार्डच मिळतात, टाळ्याही फारशा पडत नाहीत. पण पुढच्या फळीतली आपली दांडगी पोरं समोरच्यांना दर वेळी रेटत राहतात, आणि शेवटच्या बारा मिनिटांत दमून त्यांचे हात कमरेवर जातात. तू माझ्या संघात पळायचास तेव्हा आपण असेच जिंकायचो. दर गुरुवारी तू फळीतल्या पाचही जणांना घरी जेवायला आणायचास, कारण तुला वाट तेच काढून देत. त्यांतल्या एकट्या बेनेशने जॅम भरलेले अकरा कोलाचे पाव फस्त केले होते, ते आई अजून सांगते.

आता तुझा एमेट तुझ्याच संघात पळतो. आजोबा म्हणून सांगत नाही, पण पोरगा पडता पडता आणखी एक यार्ड घेतो. मात्र गोलरेषा जवळ आली की तू त्याला बाहेर बसवतोस. सलग तीन सामने हेच ऐकतोय, आणि तीनही तुम्ही थोडक्यात हरलात.

म्हणून हे पत्र. तू पळायचास तेव्हाच्या त्या अंतिम सामन्यात गोलरेषेला दोन यार्ड उरले असताना मी तुला बाहेर बोलावलं आणि आपल्या फेकणाऱ्याला चेंडू फेकायला लावला. तो त्यांनी पकडला, आपण हरलो. घरी येताना गाडीत तू एवढंच म्हणालास, "बाबा, मी काढले असते ते दोन यार्ड." मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिलो. माझा तुझ्यावर विश्वास नव्हता, असं तू चोवीस वर्षं मानत आलास. तसं नव्हतं, मिलो. त्या सकाळी न्हाव्याच्या दुकानात लोक म्हणत होते, "कोचचाच पोरगा, चेंडू दुसऱ्या कोणाला मिळणार?" मी त्या बोलण्याला भ्यालो. तुझ्या पायांवर माझा पुरता भरवसा होता, कच खाल्ली ती मी. मला माफ कर. तुझ्या गावातही लोक बोलत असतील, बोलू देत. या शुक्रवारी मी आणि आई येतोय. एमेटला शेवटपर्यंत मैदानात ठेव, चेंडू त्याच्या हातात दे. अडला तर अडू दे. घरी जाताना गाडीत त्याच्याशी बोलायला तुझ्याजवळ काहीतरी असेल.

उशिरा का होईना, तुझाच,
बाबा