दुसऱ्या व्हायोलिनची जागा

सर, तुमच्यावरचा राग गेला असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो. सात वर्षं झाली तुम्हाला जाऊन. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरतो. वाशीमच्या त्या हॉलमध्ये माईक हातात घेऊन तुम्ही माझ्याबद्दल एक वाक्य बोललात, ते मला आजही तुमच्याच आवाजात ऐकू येतं. तुम्ही साधंच बोललात, तुमच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला कळतं. म्हणून तर राग जास्त येतो. वाकड्या माणसाला दोन शिव्या देऊन मोकळं होता येतं.

सिनेमाच्या वाद्यवृंदात अख्खी उमर काढून तुम्ही मुंबईहून रिठदला परत आलात, तेव्हा टेम्पोतून उतरलेली ती लांब काळी पेटी बघून शेजारची म्हातारी म्हणाली होती, "कोनाची मयत आनली रे बापा?" त्या पेटीत चेलो होता. व्हायोलिनच्या जातीचं, पण माणसाएवढं, दोन पायांमध्ये धरून वाजवायचं वाद्य. रिठदमध्ये चार तारवाद्यांची परदेशी पद्धतीची चौकडी उभी करायची, हे वेड तुम्ही तिकडूनच घेऊन आला होतात. दोन व्हायोलिनं, त्यांच्याहून थोडा मोठा आणि खालच्या सुराचा एक व्हायोला, एक चेलो. पहिल्या व्हायोलिनला रिसोडच्या डॉक्टरांची मुलगी, जी तुमच्याकडे आधीपासून शिकत होती. व्हायोला तुम्ही स्वतः. चेलोच्या खालचा लोखंडी खिळा तुटला म्हणून तुम्ही वेल्डरला बोलावलं, त्यानं खिळा जोडला आणि विचारलं, "पन याले वाजवते कसं?" तुम्ही त्याला तिथंच खुर्चीवर बसवलं, तो पुन्हा उठला नाही. आणि दुसऱ्या व्हायोलिनला मला तुम्ही उचललं केनवडच्या भजनातून. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि दर गुरुवारी मंडळात व्हायोलिनवर साथ करायचो.

पहिल्याच दिवशी तुमच्या टिनाच्या खोलीत तुम्ही तारेवर फिरणारा माझा गज हातानं धरून थांबवला. "तू साथ करून राह्यला. मले सोबत पायजे."

"एकच तर हाय ना सर."

"एक कसं? साथ करनारा गानाऱ्याच्या मागून येते. तो गेला तिकडं हा जाते. सोबतवाला कधी मागं असते, कधी बाजूले, अन् कधी त्यालेच पुढं निघा लागते."

माझा हात खरंच तसा होता. बुवांनी ओळ घेतली की अर्धी मात्रा मागून ती उचलायची, त्यांचा दम संपला की मधली जागा भरायची. तो हात मोडायला तुम्ही चौदा महिने घेतले. आम्हाला परदेशी खुणा वाचता येत नव्हत्या म्हणून तुम्ही चौघांचे चार कागद सारेगममध्ये लिहिले. चौघांत ताल देणारा कोणी नाही, हात हलवणारा कोणी नाही. पहिलं व्हायोलिन श्वास घेतं आणि चार गज एकदम तारेवर पडतात. तुम्ही आम्हाला एकमेकांकडे पाठ करून बसवायचात. "डोये मिटा. तिचा श्वास आयका."

ऐकला, सर. चौदा महिने कान लावून एका मुलीचा श्वास ऐकायचा आणि मनात काही येऊ द्यायचं नाही, असं कोणत्या शाळेत शिकवतात? तुम्ही म्हातारे होतात, तुम्हाला त्यात फक्त लय ऐकू यायची.

ती माझ्याशी वाजवण्यापुरतंच बोलायची. तेही भांडण. "माझ्यावर चढू नको." "मंग तू मोठ्यानं वाजव ना." "माझी ओळ आहे ती, तू खालीच राहा." वेल्डर चेलोवर हनुवटी टेकवून मजा बघायचा. "सर, हे दोघं नवरा-बायकोवानी करून राह्यले, मी घरी जाऊ का?" माझे कान तापायचे. ती हसायची नाही, पानं सारखी करायची. तुम्ही गजाला राळ घासत म्हणायचात, "भांडू दे. चार जन न भांडता वाजवते तवा ते चार जनच राह्यते." मला या ओळीचा फार आधार वाटायचा. आपण भांडतो म्हणजे जवळ येतोय, असं मी समजत होतो.

आम्ही बसवत होतो त्या रचनेच्या संथ भागात एकच जागा अशी होती की तिथं दुसरं व्हायोलिन आधी निघतं आणि पहिलं त्याच्यावरून उठतं. माझ्या कागदावर तिथं तुम्ही लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, "इथं तू निघ." ती तिथं मान वळवून माझ्या गजाकडे बघायची. मी निघालो की तिची मान परत जायची. तालमीत ती जागा कधीच चुकली नाही.

वाशीमला हॉल भरला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "तबलेवाला आला नाई वाटते अजून." पहिला भाग छान गेला. मग संथ भाग आला, ती जागा आली. तिनं मान वळवली. माझा गज तारेवर होता आणि हलला नाही. एक मात्रा गेली, दुसरी गेली. तुमचा व्हायोला एकटाच एका स्वरावर उभा होता. संपलं समजून दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या मात्रेला तुम्ही मानेनं खूण केली आणि आम्ही कसेबसे शेवटापर्यंत पोचलो. मग तुम्ही उठलात, माईक घेतला. "चूक माही हाय. पोराचा भजनाचा हात हाय, म्या मोडाले पाह्यला, पन तो काई जात नाई." हॉल हसला. प्रेमानंच हसला. ती खाली बघत होती.

पडद्यामागं मी तुम्ही मला दिलेला गज तुमच्या मांडीवर टाकला. "भजनाचा हात भजनातच बरा, सर."

"अबे बस तर खरं. पानी पे."

मी बसलो नाही. नंतर रिठदची पायरी चढलो नाही. दोन महिन्यांनी तुमची चिठ्ठी घेऊन ती पुण्याला शिकायला गेली. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म न भरता मी तिच्या मागं गेलो. घरी सगळे म्हणतात पोरीपायी कॉलेज सोडलं. मी वर्षानुवर्षं सांगत आलो की तुमच्यापायी सोडलं.

पुण्यात ती पाठीवर व्हायोलिन अडकवून तिच्या संगीतशाळेच्या फाटकाशी आली. चहाच्या टपरीवर तिनं घरचं विचारलं, सोयाबीन कसं आहे विचारलं, जसं कोणालाही विचारतात. मग म्हणाली, "एक सांग. त्या दिवशी तू काहून नाही निघाला?" पुण्यात तिच्या तोंडून वऱ्हाडी आली. सगळं सांगायची तीच वेळ होती. आणि मी काय म्हणालो? "सर बोलले ना. भजनाचा हात." तिनं मान हलवली. "मलाही तेच वाटलं होतं." चहा संपवून ती आत गेली. ज्या वाक्यासाठी तुमचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं, त्याच वाक्यामागं मी लपलो.

मी पुण्यातच पडून होतो तेव्हा तुम्ही गेलात. वेल्डरनं फोन केला, मी आलो नाही. गावी परतल्यावर त्यानं एक कागद आणून दिला. माझाच भाग, पुन्हा लिहिलेला, अक्षर थरथरलेलं. लाल पेन्सिल नव्हती. ती निघायची जागा तुम्ही माझ्याकडून काढून व्हायोलाला दिली होती. "आजारात लिहून राह्यले होते," वेल्डर म्हणाला. "म्हने, त्याच्या हाताले जमत नाई तं सूरच हलवतो. पोरगं वापस आलं पायजे." फाडावासा वाटला तो कागद. एवढं चांगलं वागायची काय गरज होती?

माझ्या हाताला जमत होतं, सर. तुम्ही तो हात केव्हाच मोडला होता. आता गुरुवारी भजनात मीच बुवांच्या पुढं निघतो आणि शिव्या खातो. त्या दिवशी मी मात्रा विसरलो नव्हतो, घाबरलो नव्हतो. अख्ख्या कार्यक्रमात ती तेवढ्या एका जागी माझ्याकडे बघणार होती, आणि मी निघेपर्यंत तिला दुसरीकडे बघता येणार नव्हतं. म्हणून मी निघालो नाही. तीन मात्रा ती माझ्याकडे बघत होती.

हे तिला लिहायला हवं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे. तुमचा नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.