बाळंतिणीचे लाडू

स्नेहल,
तुझा आत्ताच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. रूपाकडून आणलेला पाळणा परत द्यायला पारोळ्याला जाते आहे. तुझ्यादेखत तो घराबाहेर काढवेना.

डिंकाचे लाडू मोठ्या डब्यात आहेत. बाळच राहिलं नाही तर लाडू कुणासाठी, असं शेजारची भिकुबाई म्हणाली. तिला तोंडावर सांगितलं, बाळंत झाली ती माझी सून, कंबर तिची दुखते. थंडी फार आहे. सकाळी एक खा, वर गरम दूध घे.

बाळंतिणीचा लाडू दुसऱ्याला देत नाहीत, पण एक माझ्या लेकाला, जीवनला दे. काल मी डिंक तळत होते, तेव्हा तो मागे उभा राहून डोळे पुसत होता. धूर गेला म्हणाला. गॅसवर कसला गं धूर?

— आई