टूलखालचा जास्तीचा पत्रा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा बोट कापलं! डब्याचा पत्रा कातरताना. बाबांना सांगितलं, "भाजी चिरताना लागलं." सासऱ्यांना थापा मारण्यात मी आता इतकी तरबेज झालेय की बोटाला पट्टी लागायच्या आत थाप तयार असते.

इथे तरी खरं लिहिते. आमच्या वर्कशॉपातल्या लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, गरगर फिरतो आणि टूल तो कापतं; टूलचं टोक जॉबच्या बरोब्बर मध्याच्या उंचीला हवं. टूल धरणाऱ्या आमच्या जुन्या टूलपोस्टमध्ये ते वरखाली करायची सोयच नाही, म्हणून टूलखाली पत्र्याच्या पट्ट्या रचायच्या – पॅकिंग. आणि पॅकिंग लावणार बाबा. चाळीस वर्षं तेच लावतायत, मला हे काम शिकवलं तेही त्यांनीच. पण वर्षभर झालं, टूल केसभर खाली बसतं. जॉबची पुढची बाजू, म्हणजे तोंड, साफ करायला घेतलं की मधोमध बारीक टोक उरतं. मग बाबा चहाला उठले की मी गुपचूप एक पातळ पत्रा खाली सरकवते.

अजून पकडली गेले नाही!

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवरा म्हणतो, "सांगून टाक की त्यांना." हो, बोलायला काय जातंय! स्वतः बँकेत खुर्चीवर बसतो. गुडघे गेले तसं बाबांचं लेथपुढे उभं राहणं सुटलं. ड्रॉइंग वाचणंही माझ्याकडे आलं. उरलंय काय, तर पॅकिंग. तेही काढून घेतलं तर सकाळी आठला डबा घेऊन निघायचं कशासाठी? घरी बसले की महिन्याभरात खचतील. मला माहितेय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हत्यारवाला आला होता. ड्रिल द्यायला म्हणून येतो आणि तासभर डोकं खातो. "ताई, नवीन टूलपोस्ट घ्याच. प्रत्येक टूलला आपापला होल्डर, त्यावर नट. नट फिरवला की टूल वरखाली. एकदा उंची लागली की काढा, घाला, तिथेच बसणार!" सहा महिने हेच टुमणं.

बाबा स्टुलावरून गरजले, "खेळणी आहेत ती! पॅकिंग न जमणाऱ्यांसाठी."

मी मान डोलावली. दोघांकडे बघून डोलावली, कोणाला काय कळायचं ते कळो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पंपवाल्याकडून चाळीस झाकणं परत आली. सगळ्यांच्या मधोमध टोक. चूक माझीच – बोट ठणकत होतं, त्या दिवशी पत्रा घालायचा राहिला.

बाबांनी एक झाकण उचललं आणि मधल्या टोकावरून अंगठा फिरवत बसले. कितीतरी वेळ. "कशी काय राहिली ही?" म्हणाले. मी म्हटलं, "टूल हललं असेल." चहा तसाच निवला. मला इतकं वाईट वाटलं की मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसून आले.

तिथूनच हत्यारवाल्याला फोन लावला. पाठवा तुमचं खेळणं! माप सांगितलं, पासष्ट मिलिमीटर. बाबांची समजूत कशी काढायची ते नंतर बघू.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी महामूर्ख आहे!! माप चुकलं! पोस्ट ज्या सरकत्या स्लाइडवर बसतो तिथपासून सेंटरपर्यंत, म्हणजे जॉबच्या मध्यापर्यंत, मोजायचं. मी मोजलं त्याच्या खालच्या स्लाइडपासून! आता येणार भलामोठा पोस्ट, टूल अगदी तळाला नेलं तरी सेंटरच्या वरच राहणार. बाबा जन्मभर चिडवतील, आणि बरोबरच आहे.

हत्यारवाल्याला फोन केला. म्हणे, "माल निघाला, ताई. काळजी करू नका." हसत होता मेला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "होईल नीट." यांच्या तोंडचं पाणी कशानेच कसं पळत नाही?

१७ फेब्रुवारी, सोमवार

आला. आणि बसला! चपखल! माप चुकीचं दिलं आणि माल बरोबर आला – माझं नशीब एवढं कधी फळफळलं नव्हतं.

बाबा पाठ करून बसले होते. "आलं का खेळणं?" मी म्हटलं, "आलंय, पण लावायचं कसं ते कळत नाहीये." (ही थाप शेवटची.) उठले. स्टीलची पट्टी मागितली. गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यामध्ये ती हलकेच धरली – जुनी युक्ती त्यांची, पॅकिंग मात्र कायम नजरेनेच लावायचे. पट्टी आपल्याकडे कलली तर टूल खाली, पलीकडे कलली तर वर, ताठ उभी राहिली की जमलं. एक बोट पट्टीवर, दुसऱ्या हाताने नट फिरवत होते. डोळे चक्क मिटलेले!

"आता चालव," म्हणाले.

जॉबचं तोंड आरशासारखं आलं. मधे काही नाही. अंगठा फिरवून बघितला आणि पोरासारखे हसले. "नट माझा," म्हणाले. "तू हात लावायचा नाहीस." म्हटलं, "तुमचाच, तुमचाच!" सगळ्या सहा होल्डरांची उंची त्यांनीच लावली. संध्याकाळी दोन कप चहा प्यायले. मला तर नाचावंसं वाटत होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चाळीस झाकणं पुन्हा केली. एकालाही टोक नाही. बोटांनाही पट्टी नाही!

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज पोस्टचं खोकं रद्दीत टाकताना तळाशी चिठ्ठी सापडली. हत्यारवाल्याच्या नावाची, त्याच्याकडून चुकून आत राहिलेली. तारीख ऑगस्टची. अक्षर बाबांचं – पण केवढं मोठं, आणि ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"वरच्या स्लाइडपासून सेंटर अठ्ठावीस मिलिमीटर. पट्टीवरचा आकडा मुलाकडून तीनदा वाचून घेतलाय. याच मापाचा दे, सून काहीही सांगू दे. तिच्या मागे लाग. मी नको म्हणीन, लक्ष देऊ नकोस. मला टूलचं टोक दिसत नाही आता. ती रोज लपून एक पत्रा घालते, आणि पोरीची बोटं कापतात."