उजव्या कोपऱ्यातला लाल थर

मंगळवार, जळगाव

माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तो लाल, बुळबुळीत थर आज पुन्हा आला. आणि पुन्हा उजव्याच कोपऱ्यात! परवाच नळीने ओढून काढला होता, पाणीही बदललं होतं. दिवा कमी केला, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. मग हा वाढतोय कशावर?

जेवायला बसल्यावर कळलं. आबा गावाहून आल्यापासून त्यांची खुर्ची टाकीच्या उजव्या अंगाला असते. पहिला घास घेण्याआधी त्यांनी भाकरीचा तुकडा कुस्करला आणि हळूच पाण्यात सोडला. मी ओरडलोच बापावर. "आबा, त्यानेच पाणी नासतंय!"

ते शांतपणे म्हणाले, "गायना घास शे. आठे गाय कोठे शे?"

पिंपळनेरला गाईचा घास काढल्याशिवाय ते कधी जेवले नाहीत. इथे गाय कुठून येणार? तिसऱ्या मजल्यावर आणून मी त्यांना काय दिलं? दोन मासे.

मग माशांच्या खाण्याचे चार दाणे त्यांच्या ताटाशेजारी ठेवले. ते पाण्यात सोडून आबांनी काचेला हात लावला, तोच कपाळाला लावला, आणि मग जेवायला घेतलं.

कोपरा उद्या साफ करीन. काचेवर उमटलेली बोटं मात्र राहू देत.