उद्या सकाळी सहाला

बाबा,

हवामान कार्यालयात मला लवकर जायचंय, म्हणून तुम्हाला उठवलं नाही. शुक्रवारपर्यंत ऊन असंच जीवघेणं राहणार आहे. शनिवारी मात्र समुद्रावरचे ढग इकडे वळून पाऊस पडेल, असं आम्हाला वाटतंय.

सोमवारी छपरावर पत्रे ठोकताना तुम्हाला चक्कर आली, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून काल "हे काम सोडा" असं तोंडातून गेलं. तुम्ही न जेवताच झोपलात. चुकलंच माझं.

तुम्ही झोपल्यावर मुकादमांचा फोन आला होता. तुम्हाला चक्कर आली म्हणून त्यांनी उद्यापासून सगळ्यांचंच काम सकाळी सहा ते दहा ठेवलंय. आज तेवढं घरातच थांबा. उद्या सहाला तुम्ही याल ना, असं मुकादम विचारत होते.

मी हो म्हणून सांगितलंय.

— तुमची ढगबाई