घरपत्रकातलं निळं नाव

२ नोव्हेंबर, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी आणि टेबल चक्क खिडकीपाशी. नवऱ्याला म्हटलं, माझं नशीब फळफळलं. लेकीची, चिंगीची शाळा हाकेच्या अंतरावर आहे. पहिलीच्या बाई आवडल्याचं तिने दोनदा सांगितलं, म्हणजे खरंच आवडल्या असणार.

नोंदणी कार्यालयातलं माझं काम तसं सोपं आहे. गावातल्या प्रत्येक घराचं एक घरपत्रक संगणकात असतं. त्यात घरातल्या माणसांची नावं निळ्या अक्षरांत, खाली रेघ. नावावर क्लिक केलं की त्या माणसाचं पान उघडतं. निदान उघडायला हवं. मध्ये कुणीतरी फोल्डर इकडचे तिकडे केले आणि आता निम्म्या नावांवर ‘फाईल सापडत नाही’. लिंकला माणूस ठाऊक नसतो, पत्ता तेवढा ठाऊक असतो. भाडेकरू सोडून गेला तरी पोस्टमन जुन्याच दाराची कडी वाजवत बसतो, तसं. नवा पत्ता मी शोधून द्यायचा.

हेडक्लार्कबाई मोजकं बोलतात. नियम एकच सांगितला: शनिवारी पाचच्या अहवालात तुटकी लिंक एकही दिसता कामा नये. पान सापडलं तर जोडायची, नाही सापडलं तर लिंक काढून टाकायची. पाच वाजता उरलेल्या लिंका संगणक आपणहून काढतो. नाव राहतं, पण काळ्या अक्षरांत.

३ नोव्हेंबर, मंगळवार

फोल्डरांची नावं वाचून हसू आवरेना: ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘हेच नवीन’. माझा हात शिवशिवला. आमच्याच वॉर्डापासून सुरुवात केली. बायका-मुलांची पानं या तिन्हींत विखुरलेली होती, ती एकाच फोल्डरमध्ये ओतली आणि जुने तिन्ही पुसून टाकले. पानांवर नावं नसतात, नुसते क्रमांक आणि आत फोटो. तेही संगणकाने आपले आपण बदलले. कसं स्वच्छ दिसतंय! पुरुषांचा फोल्डर सवडीने आवरीन.

तुटक्या लिंकांच्या जुन्या यादीतले फोटो ताडून एकतीस लिंका जोडल्या. दोघांची पानं काही केल्या मिळेनात: कोपऱ्यावरच्या शिंप्याचा भाऊ आणि समोरच्या मास्तरांची बायको. त्यांच्या लिंका काढल्या. घरी येऊन गाढ झोपले.

५ नोव्हेंबर, गुरुवार

पडदे आणायला शिंप्याकडे गेले. रविवारी शिवायला टाकले तेव्हा तिथे दोन मशिनी होत्या, दुसरीवर भाऊ बसला होता. मापं त्यानेच लिहून घेतली, चिंगीची थट्टाही केली. आज एकच मशीन. भाऊ कुठे गेला म्हणून विचारलं तर शिंपी हसला. म्हणाला, आपण एकुलते एक, तुम्ही दुसऱ्या कुठल्या दुकानात गेला असाल. मी पावती पुढे केली. ती त्याने उलटसुलट करून पाहिली, अक्षर आपलं नाही म्हणाला, आणि पडदे घडी घालून पुढे केले.

परतताना मास्तर दारात उभे दिसले. कुणाची वाट बघताय, विचारलं. म्हणाले की तेच आठवत नाहीये, पण जेवायचा थांबलोय खरा.

याच दोन घरांतल्या लिंका मी मंगळवारी काढल्या होत्या.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

हेडक्लार्कबाईंना सगळं सांगितलं. मान वर न करता त्या म्हणाल्या की पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच असं वाटतं, मग वाटेनासं होतं. काढलेली लिंक परत जोडता येते का, विचारलं. पान असेल तर येते, म्हणाल्या.

मग आमचं घरपत्रक उघडलं. नवऱ्याचं पान उघडलं. माझं – फाईल सापडत नाही. चिंगीचं – फाईल सापडत नाही.

मीच केलं हे, मंगळवारी फोल्डर एकत्र ओतून. माझ्या हाताने. मोठी आली आवराआवर करणारी.

सतराशे पानं, नुसते क्रमांक. एकेक उघडून बघायला लागले, पण सव्वापाचला बाईंनी कुलूप लावलं. घरी नवरा चिंगीला जेवायला हाक मारता मारता अडखळला. पोटच्या पोरीचं नाव त्याला आठवावं लागलं. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

७ नोव्हेंबर, शनिवार

९.०० – चिंगीला नवऱ्यापाशी ठेवून आले. वॉर्डातल्या सगळ्याच बायका-मुलांच्या लिंका तुटल्या असतील, पण आज पाचच्या आत माझ्या घरातली दोन पानं तरी जोडायची. आधी चिंगीचं. वही शेजारी उघडी ठेवली आहे, लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

११.३० – सहाशे झाली. भलत्यांचीच लेकरं.

१.१० – नवऱ्याचा फोन. घरात एक मुलगी रडत बसली आहे, इथेच राहते म्हणते, चौकीवर नेऊन सोडू का. इतक्या अदबीने विचारलं त्याने. हात जोडून सांगितलं, पाचपर्यंत थांब, तिला काहीतरी खायला घाल.

३.४० – डोळ्यांची आग होतेय. हजाराच्या वर –

४.३५ – सापडली. क्रमांक १४०८. तिचाच फोटो, पुढचे दोन दात पडलेले. जोडली. नावावर क्लिक केलं, उघडलं. पुन्हा केलं. उघडलं. माझी बाय ती.

घरी फोन लावला. नवरा हसत होता, चिंगी त्याच्या पाठीवर बसली होती. मी ढसाढसा रडले. मग त्याने विचारलं की आपण कोण बोलताय.

४.४६ – माझं पान. अजून तीनशे. घाईत चुकीच्या ठिकाणी क्लिक –

४.५५ – बाई मागे येऊन उभ्या. हे टेबल रिकामं असतं म्हणाल्या, कुणाला भेटायचंय – अजून नव्वद – हे नाही – हेही –

४.५८ – नाही होणार. आवाज तरी ऐकू दे. फोन चिंगीने उचलला. काकू, तुम्ही कोण, असं गोड विचारलं तिने. म्हटलं, चिंगे, मी तुझी