आईच्या पाटीवरचा शब्द

धारूर, सोमवार, फसली सन १३२२

आज आईच्या कबरीवरच्या पाटीवर मी 'पुनर्जन्माच्या आशेने' असे लिहिले. उकार, रफार दोनदा तपासले होते. चर्चचे पाळक म्हणाले, "अरे, पुनर्जन्म आपला ख्रिस्ती लोकांचा नव्हे. आपले पुनरुत्थान. तीच आई, त्याच देहाने उठेल."

माझ्या वडिलांनी, बापूंनी विचारले, "खोकला बी तोच का, साहेब?"

"नाही. देह निरोगी, नवा."

"मंग मी वळखू कशावरून तिला?"

पाळक हसले, बापू नाहीत.

शब्द खरवडून पुन्हा लिहिला. शुद्ध आहे. पण मनातून जुना जात नाही, हे पाप का? पुनर्जन्म असता तर आई एव्हाना कुणाच्या तरी पाळण्यात असती. आता शेवटच्या दिवसापर्यंत मातीतच थांबणार. तिला अंधाराचे भय वाटायचे. हे पाळकांना विचारावे की नाही, ठरत नाही.